परसदार : दोडक्याला फुलं उदंड, दोडका एकही नाही

महिनाभरातली पत्रं टेबलावर पसरून बसले, तर त्यांतली बरीचशी एकाच तक्रारीची निघाली. नवं घर, नवी गच्ची, वेल झकास, फुलं उदंड आणि फळाचा पत्ता नाही. बहुतेकांनी दोष खताला दिलाय. खताचा इथं फारसा संबंध नाही, म्हणून या अंकात खत, पाणी आणि मावा-तुडतुड्यांना सुट्टी. फक्त परागीभवन करणाऱ्या किड्यांची पत्रं घेतली आहेत. ‘मधमाश्या कमी झाल्या’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. पण तुमच्या गच्चीवर जे अडलंय ते नेहमी मधमाशीपाशीच अडलेलं नसतं. ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत असे किडे गेलेत, आणि ते फुलांवाचून गेलेले नाहीत. राहायला जागा नाही म्हणून गेलेत.

प्रश्न : बाई, आम्ही अनगोळला नवीन अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावर राहायला आलो. गच्चीवर दोडका, दुधी आणि काकडी लावली आहे. मांडव भरून गेलाय, फुलं रोज येतात. पण काकडी वाकडी होते आणि दोडका बोटाएवढा होऊन पिवळा पडून गळतो. शेणखत, बोनमील, आंबट ताक, सगळं घालून झालं. येळ्ळूरला आईच्या परसात काही न करता दोडके लागतात की. इथंच काय बिघडलंय?
— एक गृहिणी, अनगोळ (बेळगाव)

उत्तर : ‘बोटाएवढा होऊन गळतो’ यातच उत्तर आहे. दोडक्याच्या मादीफुलामागं तो बोटाएवढा दोडका फूल उमलायच्या आधीपासूनच असतो. तो धरला आणि मग गळला असं झालेलं नाही. त्याला परागच मिळाले नाहीत, म्हणून वेलानं टाकून दिला. नरफुलं घोसानं येतात आणि त्यांच्या मागं नुसता बारीक देठ असतो. मादीफूल एकेकटं येतं. सुरुवातीला वेल नुसती नरफुलंच काढतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. काकडी वाकडी होते तीही याच कारणानं. आतल्या ज्या बियांना पराग पोचले ती बाजू भरते, उरलेली बारीक राहते.

आता वेळेचं बघा. तुम्ही गच्चीवर कधी जाता ते लिहिलं नाही, पण बहुतेक सकाळी पाणी घालायला जात असाल. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात. दोडक्याचं फूल मात्र संध्याकाळी उघडतं, दुधीची पांढरी फुलं दिवेलागणीला, पडवळाची रात्री. सकाळी पाण्याच्या वेळी तुम्हाला दोडक्याचं जे फूल दिसतं ते कालचं, कामातून गेलेलं. दिवसा येणारे किडे वेगळे, रात्री येणारे वेगळे. तुमच्या एकाच मांडवाला दोघंही लागतात.

आज संध्याकाळी सहा-साडेसहाला वर जा. ताजं नरफूल तोडा, पाकळ्या मागं दुमडा, मधल्या केसरांवर बोट फिरवून पिवळी भुकटी लागते का बघा. लागली तर ते फूल मादीफुलाच्या मधल्या गोंड्यावर सगळीकडून हलकेच टेकवा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं होतात. दुधीला हेच थोडं उशिरा, काकडीला सकाळी. पावसाची झड असेल तर मांडवावर एखादा कागद धरा, कारण भिजलेला पराग फुकट जातो. चार-पाच दिवसांत दोडका लांबायला लागला की जमलं म्हणायचं.

पण हे तात्पुरतं झालं. येळ्ळूरला तुमच्या आईला हे करावं लागत नाही, कारण तिथं बांध आहेत, गवताची गंजी आहे, न सारवलेली मोकळी माती आहे आणि रात्री अंधार आहे. शेवटचं महत्त्वाचं. रात्रीच्या फुलांवर येणारे पतंग दिव्याभोवती घिरट्या घालत बसले की फुलांकडे फिरकत नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत मुद्दाम दिवे लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. उजेडातल्या तुकड्यांत रात्री फुलांना होणाऱ्या किड्यांच्या भेटी 62 टक्क्यांनी घटल्या. तिथल्या एका काटेरी रानफुलाची फळधारणा 13 टक्क्यांनी कमी झाली, आणि दिवसा येणाऱ्या किड्यांना ती तूट भरून काढता आली नाही. तुमच्या गच्चीवर एलईडीचा पांढरा दिवा रात्रभर जळत असेल तर तो आधी बंद करा. रस्त्यावरच्या खांबाचं बटण काही तुमच्या हातात नाही, तेव्हा पुढच्या वेळी मांडव पाण्याच्या टाकीच्या अंधाऱ्या बाजूला घाला.

काकडीचं दुखणं निराळं. तिच्यावर येणाऱ्या बारीक माश्या घरट्यापासून काही शे मीटरच्या पलीकडे जात नाहीत. अनगोळ-वडगावच्या शिवारात भात आणि भाजी होती तेव्हा प्रत्येक बांध म्हणजे त्यांची वस्ती. आता तिथं प्लॉट पडलेत. उरल्यासुरल्या माश्यांना चौथ्या मजल्यापर्यंत यायला काही कारण द्यायला हवं. काकडीशेजारी तुळस आणि सब्जा ठेवा, आणि तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. निम्म्या राहू द्या, वृंदावन थोडं विस्कटलेलं दिसलं तरी चालेल. एक कुंडी कोथिंबिरीची आणि एक शेपूची, भाजीला न काढता फुलावर जाऊ द्या. कोथिंबिरीच्या पांढऱ्या छत्रीवर किती जातीच्या माश्या बसतात ते मोजायला लागलात तर पोळ्या करपतील.

प्रश्न : वडगावात आमचं जुनं विणकराचं घर आहे. मागची भिंत मातीची. तिला पेन्सिल जाईल एवढी पुष्कळ भोकं पडली आहेत आणि काळ्या, पोटावर निळसर पट्टे असलेल्या माश्या आतबाहेर करतात. मुलगा म्हणतो, सिमेंटचा गिलावा करून टाकू. नात लहान आहे, चावल्या तर? आणि भिंत पडेल का?
— एक वाचक, वडगाव

उत्तर : तुमचा हेवा वाटला. आमच्या हिंदवाडीत कंपाउंडच्या भिंती सगळ्या सिमेंटच्या, या माश्या येतात त्या तुळशीवर तासभर रेंगाळून निघून जातात.

ही निळ्या पट्ट्यांची माशी, शास्त्रात अमेजिला. मध साठवत नाही, पोळं बांधत नाही, तिला राणी नाही. प्रत्येक मादी आपलं भोक आपण कोरते, आत मातीचे छोटे कप्पे करते, प्रत्येकात पराग-मधाचा गोळा ठेवून एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. भिंत चांगली असली की शेजारी शेजारी पुष्कळ माद्या येतात, म्हणून ते मोहोळासारखं वाटतं. राखायला सामायिक मध नाही, म्हणून ती अंगावर येत नाही. मुठीत धरली किंवा अंगाखाली दाबली तरच नांगी मारेल. नराला तर नांगीच नसते. संध्याकाळी नातीला घेऊन परसातल्या वाळक्या काटक्या बघा. नर जबड्यानं काटकी घट्ट धरून ओळीनं झोपलेले सापडतील. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं की वर्गातली शेवटची बाकंसुद्धा जागी व्हायची.

आता हिचं काम ऐका. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग बाहेर उघडा नसतो. तो नळीसारख्या परागकोशात बंद असतो. वांग्यात तर त्या नळीला टोकाला तेवढं बारीक भोक. मीठदाणीतून मीठ काढायचं तर ती हलवावी लागते, तसंच हे. ही माशी फुलाला लोंबकळते, पंख न हलवता उडायचे स्नायू थरथरवते आणि ‘झींऽऽ’ असा चढा आवाज होऊन पराग खाली सांडतो. मधाची माशी कितीही कष्टाळू असली तरी तिला हे जमत नाही. मोठ्या काळ्या भुंग्याला जमतं. त्यामुळे तुमच्या आसपास कुणाच्या परसात वांगी भरघोस लागत असतील, तर त्याचं थोडं श्रेय या भिंतीला आहे.

भिंत पडेल का? ही भोकं बोटभर खोल असतात आणि जुन्या मातीच्या भिंती हातभर रुंद. भिंतीला खरं भय पावसाचं आहे. वळचण पुरेशी पुढं आलेली असेल, कौलं फुटकी नसतील आणि पायथ्याशी पाणी साचत नसेल, तर भिंतीला माश्यांपासून धोका नाही. उलट मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही, गिलाव्याआड माती भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी सगळा पापुद्रा सुटून येतो. मुलाला माश्यांबद्दल सांगू नका, हे सांगा, तो लगेच ऐकेल. डागडुजी करायचीच तर खालचा भाग माती-चुन्यानं करा आणि वळचणीखालचा कोरडा पट्टा तसाच सोडा. आतबाहेर सुरू असताना भोकं बुजवू नका, आत पिल्लं असतात.

मात्र भिंतीवर मातीचे गोळे किंवा इवली मडकी चिकटवलेली दिसली तर ती कुंभारीण माशी, तिचाही त्रास नाही. कागदासारखं राखाडी, उलटं लोंबणारं पोळं असेल तर ती गांधीलमाशी. तिच्यापासून नातीला दूर ठेवा, आणि पोळं दाराशी असेल तर काढून घ्या.

जगात माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्यात, आपल्या देशात सातशेच्या वर. त्यांतल्या थोड्याच जाती मध साठवतात. उरलेल्यांतल्या बहुतेक जमिनीत बिळं करून राहतात. शहर वाढलं की पहिला घाला पडतो तो यांच्यावर, कारण अंगण फरशीखाली जातं, गल्ली काँक्रीटखाली जाते आणि रस्त्याच्या कडेच्या उरलेल्या हातभर मातीवर पेव्हर बसतात. भेगांत, भिंतीत, लाकडात राहणाऱ्या जाती त्यातल्या त्यात टिकतात. तुमच्या भिंतीसारख्या भिंती असल्या तर.

प्रश्न : सदाशिवनगरातल्या आमच्या इमारतीला दर वर्षी तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्याखाली आग्या मोहोळ लागतं. यंदा दोन लागली आहेत. पेस्ट कंट्रोलवाला रात्री जाळून देतो म्हणाला. काही सभासद म्हणतात पेटीत भरून न्या. काय करावं?
— सोसायटीचा सचिव, सदाशिवनगर

उत्तर : पेटीत भरणं विसरा. पेटीत राहते ती सातेरीसारखी मधमाशी. आग्यामाशी एकच मोठं पोळं उघड्यावर बांधते, बंद जागेत राहत नाही, आणि हंगाम संपला की पोळं सोडून दूर निघून जाते. पूर्वी तिला उंच झाड आणि डोंगराचा कडा लागायचा. आता पाण्याच्या टाक्या आणि सज्जे चालतात. दर वर्षी तिथंच येते याचं एक कारण म्हणजे जुन्या मेणाचा वास.

निर्णय जागा बघून घ्या. पोळं हाताच्या आवाक्याबाहेर आहे, खाली मुलं खेळत नाहीत, समोर कुणाची खिडकी उघडत नाही, असं असेल तर पाटी लावा आणि ती जाईपर्यंत राहू द्या. तोवर तिथं फटाके, धूर, गच्चीवरून दगड, मोबाईलवर शूटिंग काढायला जवळ जाणं, सगळं बंद. रात्री त्या बाजूचा दिवा लावू नका, उजेडावर येऊन घरात पडतात. ती निघून गेल्यावर मेण खरवडून भिंत नीट धुवा आणि पोळं नको असेल तर त्या जागी जाळी मारा. जिन्याच्या खिडकीला किंवा लहान मुलांच्या वाटेवर लागलं असेल तर मात्र काढावंच लागेल. मग जाळणारा नको, धुरानं माश्या उठवून पोळं कापणारा अनुभवी माणूस बघा. खानापूरकडे असे लोक अजून आहेत. मोहोळ उठलं तर झटकायचं नाही, तोंड झाकून धावत घरात शिरायचं. नांगी नखानं खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना.

याच माशीवर आपल्याच राज्यात चांगलं काम झालंय. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गीता तिम्मेगौडा आणि सहकाऱ्यांनी शहराच्या कमी-अधिक प्रदूषित भागांतल्या 1,800 हून अधिक आग्यामाश्या तपासल्या. 2020 साली ते प्रसिद्ध झालं. धुरकट भागांत माश्या फुलांवर कमी येत होत्या, त्यांच्या अंगावर जड धातूंचे कण होते आणि अशा भागांत पकडलेल्या माश्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक एका दिवसात मेल्या. बेळगाव अजून बेंगळुरू झालेलं नाही. पण संध्याकाळी चन्नम्मा सर्कलला पाच मिनिटं थांबा आणि रुमालानं तोंड पुसून बघा. त्या धुरातून वाट काढून तुमच्या सज्ज्यापर्यंत पोचलेल्या माश्या जाळून टाकायच्या का, हे सभेत विचारा.

प्रश्न : भाग्यनगरच्या आमच्या रहिवासी मंडळाला उद्यानाच्या सुधारणेसाठी निधी मिळतोय. लॉन, चालायला पेव्हरची वाट, फुलपाखरांची बाग आणि मध्ये मधमाश्यांच्या पाच पेट्या असा बेत आहे. पेट्यांना अनुदानही मिळतं असं कळलं. तुमचं मत?
— मंडळाचा कार्यकर्ता, भाग्यनगर

उत्तर : पेट्या नकोत. हे वाचून तुम्ही नाराज व्हाल, पण कारण ऐका. एका पेटीत हजारो तोंडं असतात आणि तुमच्या उद्यानात फुलं मोजकी. पाच पेट्या ठेवल्या की त्या आधी तुमच्याच बागेतला मध उपसणार, आणि उपाशी राहणार त्या एकट्या राहणाऱ्या रानमाश्या. पॅरिसमध्ये गच्च्यागच्च्यांवर पेट्या ठेवायची लाट आली, तेव्हा तिथल्या अभ्यासकांना हेच दिसलं. आसपास पेट्या जास्त तिथं फुलांवर रानटी किड्यांची ये-जा कमी. कारळ्याच्या शेतात, करंजाच्या रानात सातेरीची पेटी जरूर ठेवावी. गल्लीतल्या बागेत नको.

लॉनबद्दल माझं मत या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. सतत कापलेली हिरवळ किड्यांच्या दृष्टीनं उजाड असते. चालायला, मुलांना लोळायला हवी तेवढी ठेवा, पण एका बाजूचा पट्टा कापू नका. त्यात आपोआप एकदांडी येईल, जिला आपण कंबरमोडी म्हणतो. ते तण बारा महिने फुलतं आणि तुमच्या महागड्या पेटुनियापेक्षा जास्त फुलपाखरं त्यावर बसतील. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल, लीड्स, रेडिंग आणि एडिनबरा या चार शहरांत मोजणी झाली, तिचे आकडे 2019 साली आले. किड्यांची रेलचेल सापडली ती घरांच्या बागांत आणि लोकांनी भाजी पिकवायला घेतलेल्या तुकड्यांत. नीटनेटकी सार्वजनिक उद्यानं मागंच राहिली.

मग काय करावं? उद्यानाच्या पूर्वेकडच्या कडेला खाटेएवढा उतार तांबड्या मातीचा करा, दाबून घ्या आणि त्यावर काही लावू नका. ‘इथं काही लावलं नाही’ म्हणून तक्रार येईल, म्हणून छोटी पाटी लावा. वाळलेल्या आंब्याचा एक ओंडका कोपऱ्यात उभा करा. आमच्या दारात असा ओंडका आहे आणि आमचे हे दर दिवाळीला तो टाकून द्यायला निघतात. बुरुडाकडून बोरूएवढे पोकळ बांबू आणा, एका टोकाला पेर असलेले वीतभर तुकडे करा, जुडी बांधून पावसाला आडोसा असेल तिथं टांगा.

झाडांत उन्हाळ्यासाठी करंज, जांभूळ, शिरीष आहेतच. खरी टंचाई पावसाळ्यात पडते, आपल्याकडची झड आठवडाभर थांबत नाही आणि फुलं भिजून जातात. त्या दिवसांसाठी तेरडा, तुळस, सब्जा, निर्गुडी, आणि कुंपणावर घोसाळ्याचा वेल. पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांसाठी कारळा पेरा, मूठभर बी पुरतं. फुलपाखरांना मधासोबत अळ्यांचं खाणं लागतं, त्यासाठी कढीपत्ता, लिंबू आणि एखादी रुई ठेवा. आणि पानं कुरतडली म्हणून औषध मारायचं नाही, नाहीतर फुलपाखरांची बाग कशाला म्हणायचं? नर्सरीतून डबल जास्वंद आणि गच्च पाकळ्यांची संकरित झेंडूची रोपं आणू नका. जास्वंदीत केसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, झेंडूत मधल्या बारीक फुलांच्या; माशीला आत शिरायला वाट नसते आणि शिरली तरी हाती फार लागत नाही.

बेळगावचं नाव 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हापासून पेव्हरची हौस फारच वाढली असं मला तरी दिसतं. झाडाच्या बुंध्यालासुद्धा चिकटवतात. तुमची वाट पेव्हरची करा, पण बुंध्याभोवती दोन हात माती सोडा. झाडालाही पाणी मिळेल.

प्रश्न : चिकोडीजवळ आमचा मळा आहे. मुलगा बेळगावात शिकतो. तो म्हणतो तिथं फुलांवर माश्या दिसतात, आपल्या रानात नाहीत. शहरात जास्त आणि शेतात कमी, हे उलटं कसं?
— एक शेतकरी

उत्तर : तुमच्या मळ्याच्या चारी बाजूंना काय आहे? ऊसच असणार. ऊस वाऱ्यावर परागीभवन होणारं गवत. त्याचा तुरा माशीच्या उपयोगाचा नाही. मैलभर ऊस म्हणजे माशीला मैलभर काहीच नाही. त्यात बांध नांगरून घेतलेले आणि तणनाशकानं कडा पिवळ्या पडलेल्या. शहरात निदान दर घरी चार कुंड्या असतात. बांधावर शेवगा, करंज, हादगा लावा, आणि उसाच्या कडेनं चार ओळी सूर्यफूल किंवा कारळा. बांधाची एक बाजू न नांगरता ठेवा.

प्रश्न : निपाणीला आमच्या दारात शेवगा आहे. मोठे काळे भुंगे दाराच्या चौकटीला भोकं पाडतात. कुठलं औषध मारू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : शेवग्याच्या शेंगा खायच्या आहेत ना? मग मारू नका. शेवग्याचं परागीभवन मुख्यतः हाच भुंगा करतो. चौकटीला ऑइलपेंटचे दोन हात द्या, रंगवलेलं लाकूड तो सहसा कोरत नाही. भोकं पुट्टीनं बुजवा, पण आत भुंगा नाही हे बघून. आणि परसात एक वाळका ओंडका टाका, त्याला तेच हवंय.

प्रश्न : बाई, मी खानापूरला नववीत आहे. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला परागीभवनावर प्रकल्प करायचा आहे. चार्ट सगळेच करतात. मी वेगळं काय करू?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : चार्ट करू नकोस, मोज. दोन जागा निवड. एक बसस्टँडजवळची किंवा बाजारातली, एक गावाबाहेरच्या रानाकडची. दोन्हीकडे एकच फुलझाड असायला हवं, तुळस सगळ्यात सोपी. फुललेल्या एका तुळशीसमोर दहा मिनिटं बस आणि येणाऱ्याची नोंद कर. नावं माहीत नसली तरी चालेल, रकाने कर : मोठा काळा भुंगा, पट्ट्यांची मधाची माशी, निळ्या पट्ट्यांची, मुंगीएवढी काळी (ती पोया, डंख न मारणारी), घरातल्यासारखी दोन पंखांची माशी, फुलपाखरू, इतर. मंजिऱ्या किती फुललेल्या होत्या तेही लिही, नाहीतर मोठ्या झाडावर जास्त माश्या येणारच. दोन्ही जागा एकाच दिवशी, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, आणि असे निदान पाच-सहा दिवस. एकदा आधी बाजार, एकदा आधी रान, असा क्रम बदलत जा, म्हणजे वेळेचा फरक निकालात घुसणार नाही. प्रत्येक जागेपासून पन्नास पावलांत उघडी माती, जुनी भिंत, वठलेलं झाड आणि रात्रीचा दिवा आहे का, तेही टिपून ठेव. पकडून बाटलीत भरायचं नाही. पाऊस किंवा जोराचा वारा असेल त्या दिवशी मोजू नकोस, ती नोंद बाकीच्यांशी ताडता येत नाही. आकडे मला पाठव, पुढच्या अंकात तुझ्या शाळेच्या नावासह छापू.